पुढील आदेश होईपर्यंत

३ तारीख, सोमवार

आज मुख्यसाहेब कोर्टातच कोसळले. एका मोठ्या प्रकरणासाठी आम्ही तिघं एकत्र बसलो होतो, मधे ते, उजवीकडे मी आणि डावीकडे धाकटे. धाकटे ज्येष्ठतेत माझ्या खालोखालचे आणि वयानंही लहान, म्हणून न्यायालयात सगळे त्यांना पाठीमागे याच नावानं ओळखतात. वकील बोलत होते. मुख्यसाहेब टिपणं काढत होते, आणि त्यांची ओळ कागदावरून खाली घसरत चाललेली मला दिसली. मला वाटलं, कंटाळले असतील. मग पेन पडलं आणि मागोमाग तेही माझ्या खांद्यावर कलले. अख्ख्या दालनात कोणाला काही सुचेना. शेवटी मीच त्यांच्या गळ्याचा पट्टा सोडवला.

डॉक्टर म्हणाले, उजवी बाजू गेली आहे, वाचाही गेली आहे. जीव वाचेल.

रुग्णालयाच्या बाकावर बसले असताना मनात पहिला विचार काय आला, ते इथे तरी खरं लिहावं. पहिला विचार होता, आता कोण? आणि दुसरा लगेच, मीच.

४ तारीख, मंगळवार

दुपारी आदेश आला. ‘पुढील आदेश होईपर्यंत मुख्य न्यायाधीशपदाची कर्तव्ये पार पाडावीत.’ म्हणजे पद नाही, पदाची कर्तव्यं तेवढी. बोलीभाषेत प्रभारी. माझ्या स्वीय सहायकांनी विचारलं की दारावर नवी पाटी करायची का, आणि केली तर ‘प्रभारी’ हा शब्द लहान अक्षरात घालायचा की मोठ्या. मी म्हटलं, पाटी नको. मुख्यसाहेबांची खुर्चीही नको, ते बरे होऊन येतील. मी माझ्याच चेंबरमधून काम पाहीन.

घरी ह्यांनी विचारलं, “अभिनंदन करायचं की सांत्वन?” हे वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आहेत, सगळ्याकडे पान उलटून बघायची सवय. मी म्हटलं, दोन्ही करा.

लेक मात्र हसली नाही. ती याच न्यायालयात वकिली करते. माझ्या दालनात ती कधी उभी राहत नाही आणि घरात आम्ही दोघी कामाबद्दल चकार शब्द काढत नाही. हा नियम तिनं सनद घेतली त्या दिवशी ठरला आणि आजवर मोडलेला नाही. आज तिनं एवढंच विचारलं, “आई, म्हणजे रोस्टर आता तू काढणार?”

कोणत्या न्यायाधीशापुढे कोणत्या प्रकारची प्रकरणं जायची, त्याचा तक्ता म्हणजे रोस्टर. तो फक्त मुख्य न्यायाधीश ठरवतो. मी हो म्हटलं. ती चहाचा कप घेऊन आपल्या खोलीत गेली. दमलेली दिसत होती.

७ तारीख, शुक्रवार

बाहेरून वाटतं की मुख्य न्यायाधीश म्हणजे सगळ्यात मोठे निकाल देणारा माणूस. प्रत्यक्षात आठवडाभर मी काय केलं? खालच्या एका न्यायालयाचं छप्पर गळतं, त्याचा निर्णय. दोन न्यायाधीशांचं गाडी लावायच्या जागेवरून वाजलं, त्यात मध्यस्थी. बदल्या, रजा, ग्रंथालयातली वाळवी. प्रत्येक जण दारातून आत येताना चेहरा बदलून येतो. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं डबा खाणारे सहकारी आता ‘वेळ आहे का आपल्याला’ असं विचारतात. जेवण जात नाही.

लेकीला सर्दी झाली आहे बहुतेक. दोन दिवस घरीच आहे.

९ तारीख, रविवार

मुख्यसाहेबांना बघायला गेले. ते ओळखतात, डाव्या हातानं हात दाबतात, पण शब्द फुटत नाही. वहिनी मला बाहेर घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, “सरकारी घर कधी सोडायचं असतं हो? मला कोणी सांगत नाही.” मला फार वाईट वाटलं. म्हटलं, वहिनी, भलतं काही मनात आणू नका, तुम्हाला कोणी हलवणार नाही.

येताना ड्रायव्हरला त्या घरावरून गाडी घ्यायला सांगितली. घर नीट बंद आहे ना, एवढंच बघायचं होतं. अभ्यासिकेच्या खिडक्या पूर्वेकडे आहेत. सकाळी वाचायला उजेड छान येत असेल. बागेची मात्र दैना झाली आहे. घरी आल्यावर ह्यांना म्हटलं की तिथे तुमचा हात फिरला तर महिन्यात चित्र पालटेल. हे म्हणाले, “मुख्यसाहेबांची तब्येत कशी आहे, ते राहिलं सांगायचं.”

१३ तारीख, गुरुवार

सरकारचे विधी सचिव भेटायला आले. अतिशय सभ्य माणूस. लोकर विणत असल्यासारखं मऊ बोलतात. म्हणाले, मुख्यसाहेब आता कामावर परतणं अवघड आहे असं डॉक्टरांचं मत आहे. शासनासमोर आपलंच नाव आहे. “फक्त एक शब्द गळायचा बाकी आहे, मॅडम.” प्रभारी हा शब्द.

मी म्हटलं, मला त्याची घाई नाही. ते म्हणाले, ते आम्हाला माहीतच आहे, म्हणून तर आपलं नाव. जाता जाता म्हणाले, न्यायालयातलं वातावरण सध्या शांत राहावं, एवढीच सगळ्यांची इच्छा आहे. आता यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे? असं तर कोणीही म्हणेल. तरी ते गेल्यावर मी बराच वेळ पाणी पीत बसले.

१४ तारीख, शुक्रवार

आज धाकटे आले. गोड माणूस, मला ताई म्हणतात, नकला अशा करतात की हसून पोट दुखावं. आज मात्र गंभीर होते. विषय भिंतीच्या प्रकरणाचा.

ते प्रकरण असं की सरकारी गोदामाची मागची संरक्षक भिंत मजुरांच्या खोल्यांवर पडली आणि झोपेतली कुटुंबंच्या कुटुंबं गेली. ज्या खात्यानं भिंत बांधली तेच खातं चौकशी करतंय. मागे राहिलेल्यांनी बाहेरच्या यंत्रणेकडून चौकशी व्हावी म्हणून अर्ज केला आहे. तो रोस्टरप्रमाणे तिरसटांपुढे आहे. तिरसट म्हणजे ज्येष्ठतेतले आमच्यानंतरचे न्यायाधीश, तोंडानं फटकळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मागच्या तारखेला त्यांनी सरकारी वकिलांना उभं करून विचारलं होतं की मोजमाप व्हायच्या आधी ढिगारा कोणाच्या सांगण्यावरून उचलला. आणि त्या अर्जात अर्जदारांची वकील आहे माझी लेक. घरात बोलत नसलो तरी बोर्डावर नाव दिसतंच.

धाकटे म्हणाले, “ताई, उद्या तिरसटांनी त्या लोकांच्या बाजूनं आदेश दिला, तर जग काय म्हणेल? लेकीची केस आणि आईचं रोस्टर.”

हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? त्यांनी उपायही सांगितला. रोस्टर अधूनमधून बदलतंच. सगळ्याच विषयांची फिरवाफिरव करायची. तो अर्ज आपोआप धाकट्यांकडे जाईल, तिरसटांनाही जरा विश्रांती मिळेल. धाकट्यांची लेकीशी धड ओळखसुद्धा नाही. सगळ्यांच्या दृष्टीनं स्वच्छ.

खरंच किती विचार करतात ते माझा.

१८ तारीख, मंगळवार

नवं रोस्टर काढलं. एखाददुसरा विषय हलवला असता तर लोकांनी बोट ठेवलं असतं, म्हणून सगळाच तक्ता फिरवला. सही करायला पेन दोनदा हातात घेतलं. सवय नाही म्हणून असेल.

संध्याकाळी तिरसट आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. “हा तुमचा निर्णय आहे?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते “बरं” म्हणाले आणि गेले. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

लेकीचा काळा कोट आठवडाभर त्याच खुंटीवर आहे. हे म्हणतात सर्दी नाही, तिला जरा एकटं राहू दे. बापलेकीचं काहीतरी गूळपीठ असतं नेहमी.

२३ तारीख, रविवार

आज काय झालं ते आठवतंय तोवर लिहिते.

सकाळी तिघं टेबलाशी बसलो होतो. रोस्टर बदलल्यापासून लेक माझ्यावर नाराज असणार हे मी धरूनच चालले होते. आमचा नियम मोडून मीच विषय काढला. म्हटलं, “भिंतीचं प्रकरण दुसरीकडे गेलं, तू मनाला लावून घेऊ नकोस. तू त्यात वकील आहेस म्हणूनच हलवावं लागलं. लोकांना बोलायला जागा नको.”

तिनं पाव खाली ठेवला.

“मी त्यात नाहीये, आई.”

“म्हणजे?”

“तू प्रभारी झालीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वकीलपत्र सोडलं. रीतसर अर्ज देऊन, भर कोर्टात. तिरसटांनी परवानगी दिली. त्या लोकांना दुसरा वकील मी स्वतः शोधून दिला.”

ती सांगत राहिली. आवाज अजिबात चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. म्हणाली, रोस्टर तुझ्या हातात आणि केस माझ्या हातात, हे तुझ्यावर शेकलं असतं. त्या माणसांना सांगताना जीभ रेटत नव्हती. एक म्हातारे आजोबा, घरातलं कोणी उरलं नाही त्यांचं. ते म्हणाले, तुझी आई मोठी झाली त्यात आमचं काय चुकलं, बाळ? “त्यांना मी सांगितलं, प्रकरण चांगल्या न्यायाधीशांपुढे आहे, तिथून ते हलणार नाही. हे मी माझ्या तोंडानं सांगितलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“आपण घरात कामाचं बोलत नाही ना.”

हे उठून तिचा कप विसळायला घेऊन गेले. त्यांना माहीत होतं. बार रूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे धाकट्यांनाही माहीत असणार. मग ते तसं का म्हणाले? कदाचित त्यांच्याही लक्षात राहिलं नसेल. मी दुपारभर हेच स्वतःला समजावत होते. पण ज्या माणसाला दहा वर्षांपूर्वीचे निकाल पान क्रमांकासकट पाठ आहेत, त्याच्या लक्षात राहिलं नाही, हे मलाच गळी उतरवता येत नाहीये.

आणि तो शांत वातावरणाचा निरोप. तोही आता वेगळाच ऐकू येतोय.

२४ तारीख, सोमवार

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

रोस्टर तसंच ठेवलं तर प्रकरण धाकट्यांकडे राहतं. त्यांनी आजच त्याला दोन महिन्यांनंतरची तारीख देऊन टाकली, कारण काही नाही. रोस्टर मागे घेतलं तर लोक म्हणणार, लेकीच्या जुन्या पक्षकारांसाठी आईचा जीव तुटला. आणि या विषयातून मी अंगच काढून घेतलं, जे एरवी मी डोळे झाकून केलं असतं, तर माझ्या जागी निर्णय घेणार ज्येष्ठतेतले पुढचे. म्हणजे पुन्हा धाकटेच. हात झटकावेत तर पाणी त्यांच्याच ओंजळीत.

ह्यांना विचारलं, तुम्ही काय केलं असतं? हे कुंडीतली माती उकरत होते. म्हणाले, “मला न्यायातलं कळत नाही. पण तू गेले पंधरा दिवस माझ्याशी त्या घराच्या बागेबद्दल बोलतेस. त्या घरात जायचं नाही असं समजून एकदा विचार करून बघ.”

मी चिडले. म्हटलं, मला त्या घराचं काडीचं पडलेलं नाही. ते माती उकरत राहिले.

मग खोलीत येऊन त्यांनी सांगितलं तसा विचार करून बघितला. फार वेळ लागला नाही. त्याचीच लाज वाटते आहे.

२५ तारीख, मंगळवार

केलं.

सकाळी माझ्या दालनात बसल्याबसल्या, पहिलं प्रकरण पुकारायच्या आधी, उभ्या वकिलांसमोर बोलले. आधी लिहून ठेवलं होतं. म्हटलं, नवं रोस्टर मी मागे घेत आहे. मुख्यसाहेबांनी ठरवलेलं काम जसं होतं तसं, ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडे परत जाईल. प्रभारीनं घर राखायचं असतं, घरातल्या भिंती हलवायच्या नसतात. या फेरबदलानं ज्या प्रकरणांवर परिणाम झाला त्यांतल्या एकात माझी मुलगी वकील होती. ती आता त्यात नाही. ही गोष्ट मला सही करण्याआधी माहीत असायला हवी होती, मी विचारलं नाही. ज्यांना यावर शंका घ्यायची आहे त्यांनी जरूर घ्यावी, म्हणूनच हे चेंबरमध्ये न सांगता इथे सांगते आहे.

भिंती हलवायच्या नसतात हे वाक्य मात्र मी नको होतं बोलायला. भिंतीच्याच प्रकरणात. बोलून झाल्यावर लक्षात आलं.

दुपारी धाकटे आले. हसतच होते. “ताई, मला आधी एक शब्द बोलला असतात तर.” मी म्हटलं, तुमचाही मला एक शब्द सांगायचा राहिला होता. त्यांनी कोणता म्हणून विचारलं नाही.

२८ तारीख, शुक्रवार

वर्तमानपत्रांनी जे छापायचं ते छापलं. एकानं मथळा दिला, ‘आईचं काळीज’. विधी सचिवांना ग्रंथालयाच्या अनुदानासाठी फोन केला तर ते बैठकीत होते. काल, परवा आणि आजही बैठकीतच.

या सगळ्यापेक्षा लेकीचा अबोला जास्त जाचतोय. तिचा राग बरोबर आहे. बिचारीनं तोंडचा घास सोडला तो माझ्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून, आणि मी स्वतःच भर कोर्टात तिचं नाव घेतलं. आता ती कुठेही उभी राहिली तरी आधी माझी मुलगी, मग वकील. आज दाराआडून ह्यांना म्हणताना ऐकलं, “मी सोडलं तेही फुकट गेलं, बाबा.”

मी दारातूनच मागे फिरले.

१० तारीख, गुरुवार

आदेश झाला. बाहेरच्या एका न्यायालयातून नवे मुख्य न्यायाधीश येत आहेत. निबंधकांनी जपून, एखाद्याच्या घरची वाईट बातमी सांगावी तसं सांगितलं. मी म्हटलं, अहो, मोकळी झाले. सगळ्यांशी हसून बोलले, नव्या साहेबांच्या शपथविधीची आसनव्यवस्था बघितली, गाडीत बसले आणि घरापर्यंत रडले. ड्रायव्हरनं आरसा वर वळवला.

पद नको होतं असं मी महिनाभर या पानांवर लिहीत आले. नको होतं तर हे काय आहे?

जेवताना ह्यांनी माझ्या ताटात स्वतःहून वाढलं. लेक समोर होती. ती म्हणाली, “आई, मुख्यसाहेबांकडे जाऊन ये उद्या. वहिनींना तू घराचं सांगून आली होतीस, आता त्यांना हलावं लागेल. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.” बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी सरळ बोलली. आणि बोलली ते माझ्या कामाचं.

११ तारीख, शुक्रवार

वहिनींना सांगितलं. त्या रडल्या नाहीत, म्हणाल्या की सामान बांधायला घेतलंच होतं. मुख्यसाहेब पडल्यापडल्या सगळं ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे बघून ओठ हलवले. खूप वेळ लागला, घशातून नुसती घरघर. शेवटी कळलं ते ‘रोस्टर?’ असं होतं. म्हटलं, साहेब, तुमचं होतं तसंच आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले. समाधानानं मिटले की दमून, सांगता येत नाही.

१७ तारीख, गुरुवार

नव्या साहेबांनी रोस्टरला हात लावला नाही. आज भिंतीचा अर्ज तिरसटांपुढे शेवटच्या सुनावणीला होता.

मी माझ्या दालनात जमिनीच्या एका जुन्या वादात बसले होते. समोर वकील काय बोलत होते देव जाणे, दोनदा त्यांना पुन्हा सांगायला लावलं. तिरसटांचं दालन वरच्या मजल्यावर. उठून बघायला जाता येत नाही, कोणाला विचारता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत तिरसट जिन्यात भेटले. नेहमीसारखी मान हलवली आणि गेले. त्या मान हलवण्यात काय होतं याचा विचार करत मी तशीच जिन्यात उभी राहिले.

लेक आज तिथे गेली होती. काळा कोट न घालता, मागच्या बाकावर, त्या आजोबांच्या शेजारी. सकाळी निघताना मला सांगून गेली, “बघायला जातेय. बघायला कोणाची हरकत नाही ना?”

संध्याकाळी मी तिच्या आधी घरी पोचले. कपडे बदलले, पुन्हा बाहेरच्या खोलीत आले. हे म्हणाले, एका जागी बस, फरशी झिजेल. फाटक वाजलं तशी मी दारात गेले. ती चपला काढत होती, मुद्दाम सावकाश.

“काय झालं?”

“चांगलं झालं. नव्या वकिलांनी नीट मांडलं. आजोबांना बोलायची परवानगी दिली तिरसटांनी. अर्धा वेळ सरकारी वकील घाम पुसत होते.”

“अगं पण आदेश काय झाला?”

“निकाल राखून ठेवलाय.”

“राखून? किती दिवस? काही तारीख? एवढा साधा अर्ज, त्याला राखून कशाला ठेवायचा? त्या माणसांनी तोवर करायचं काय, वाट किती बघायची माणसानं?”

ती चप्पल हातात धरून तशीच माझ्याकडे बघत राहिली. मग महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसली.

“आई, हे तू विचारतेस?”